आर्मेरो : हाताशी अडीच तास होते

कोलंबियातला नेव्हादो देल रुईझ हा मिश्र ज्वालामुखी. प्रशांत महासागराच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो. त्याच्यासोबत खोल गेलेल्या पाण्यामुळे तिथला खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. हा शिलारस चिकट आणि वायूंनी ठासलेला असतो. सह्याद्री घडवणारा पातळ लाव्हा दूरवर वाहत गेला. इथला मात्र मुखाच्या आसपासच थिजतो. त्यावर राख, दगडगोटे, पुन्हा लाव्हा. असे थर चढत उभ्या उताराचा उंच शंकू तयार होतो. रुईझची उंची ५,३०० मीटरच्या आसपास, म्हणून विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर बर्फ.

ऑक्टोबर १९८५
धोक्याचा नकाशा जाहीर होतो. लागुनिया नदीकाठचं आर्मेरो चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखवलेलं असतं.

१३ नोव्हेंबर, दुपारी ३.०६
माथ्यावर वाफेचे स्फोट.

सायंकाळी ५
आर्मेरोत राख पडू लागते.

सायंकाळी ७
गाव रिकामं करायची हालचाल सुरू होते. राख थांबते आणि हालचालही थांबते. पाऊस कोसळत असतो. लोक घरातच राहतात.

रात्री ९.०८
मुख्य उद्रेक. तप्त राख आणि वायूंचे लोट बर्फावरून धावतात. माथ्यावरचं सुमारे दहा टक्के बर्फ वितळतं. ते पाणी उतारावरची सुटी राख आणि दगड कवेत घेतं. आता ते पाणी राहत नाही, कालवलेल्या काँक्रीटसारखा रेंदा होतो.

रात्री १०
लोंढे दऱ्यांमधून ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने निघालेत. काठाची माती, झाडं, शिळा ओरबाडत ते चौपटीपर्यंत फुगतात. पुढे डोंगराच्या पश्चिमेला चिंचिना गावात माणसं मरतात.

रात्री ११.२५
आर्मेरोत वीज गेलेली. आधी पुराचं पाणी शिरतं.

रात्री ११.३५
मागोमाग चिखल. काही मिनिटांत गावाचा बहुतेक भाग गाडला जातो. २९ हजार वस्तीपैकी २० हजारांहून अधिक माणसं जातात. एकूण बळी सुमारे २३ हजार.

उद्रेक तसा लहानच होता. डोंगरापासून गावापर्यंत चिखलाला अडीच तास लागले, आणि जवळच्या उंचवट्यावर चालत जायला एवढा वेळ पुरला असता. या धड्यातून १९८६ साली अमेरिकन शास्त्रज्ञांचं मदत पथक उभं राहिलं. १९९१ मध्ये त्याच्या मदतीने फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीजवळची हजारो माणसं उद्रेकाआधी हलवली गेली, वाचली.

आर्मेरो कापसासाठी नावाजलेलं होतं. तो कापूस ज्या मातीत पिकायचा, ती याच डोंगरावरून आलेली होती. १८४५ सालीही असाच लोंढा इथे पसरला होता, आणि त्याच चिखलावर गाव वसलं होतं.