तापीकाठची गुलाबाई

भाद्रपद पौर्णिमेला घरात बसवायची आणि कोजागरी झाली की नदीत बोळवायची, अशी गुलाबाई हा खान्देशातल्या लहान मुलींचा शरद ऋतूतला महिनाभराचा खेळ. विदर्भात ती भुलाबाई होते आणि तिच्या नवऱ्याचा, गुलोजीचा, भुलोजी होतो. जोडी मात्र एकच, शंकर-पार्वतीची. कुंभाराकडून आणलेल्या रंगीत मातीच्या मूर्तीत बहुधा मांडीवर छोटा गणपतीही असतो. खान्देशातला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. गुलाबाईची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती मुख्यतः जिल्ह्याच्या सपाटीवरची, तापीच्या काळ्या जमिनीतल्या गावांची.

खेळाचा काळ शेतीशी जुळलेला आहे. पाऊस ओसरलेला असतो, ज्वारी कणसावर येते, कापूस फुटू लागतो. मोठी माणसे शेतात गुंतलेली आणि संध्याकाळी अंगण मोकळे, अशा दिवसांत हा खेळ मांडला जातो. पूजा नावापुरतीच, पुरोहित लागत नाही, मुहूर्त लागत नाही. दिवेलागणीनंतर गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ वाटतात.

खाऊ वाटण्याआधी तो ओळखावा लागतो, आणि खेळाची खरी गंमत इथेच आहे. झाकलेला डबा हलवून दाखवायचा. आंबट की गोड, तळलेले की भाजलेले, असे प्रश्न विचारत बाकीच्यांनी नाव काढायचे. नाव पटकन निघाले तर त्या घरची फजिती. म्हणून आयाही यात ओढल्या जात आणि कोणालाच सुचणार नाही असा पदार्थ शोधण्यात त्यांची दुपार जाई. गाण्यांत स्थान नसलेली मुलगे मंडळी डब्याच्या वेळी न चुकता हजर असत.

गाण्यांचा विषय प्रामुख्याने सासर आणि माहेर: रुसलेली सून, मुराळी भाऊ, दागिने, डोहाळे, खाष्ट सासू. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या तोंडी हे विषय आज विचित्र वाटतात. पण 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले, यावरूनच त्याआधीची स्थिती कळते. गाणारी मुलगी लवकरच त्या गाण्यातल्या घरात जाणार होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या कित्येक पिढ्यांचे पाठांतर, ताल आणि चारचौघींत बोलण्याची सवय याच अंगणात झाली. गाण्यांत निव्वळ निरर्थक यमकेही भरपूर आहेत. अभ्यासकांनी त्यांतून गूढ अर्थ काढू नयेत. ती मुलांनी मुलांसाठी जुळवलेली आहेत.

नंदुरबारच्या सीमा पाहिल्या तर या खेळाची जागा आणखी स्पष्ट होते. उत्तरेला माळवा-निमाडात मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाची सांझी काढतात. पश्चिमेला गुजरातेत त्यानंतरच्या नवरात्रात गरबा असतो. गुलाबाई हे दोन्ही पंधरवडे व्यापते. पितृपक्षात मोठ्यांची शुभकार्ये थांबली तरी तिची गाणी थांबत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातला भोंडला किंवा हादगा हाही तिच्याच कुळातला, पण तिथे पाटावर हत्ती असतो. 1900 च्या सुमारास सुरू झालेल्या तापी व्हॅली रेल्वेने नंदुरबार सुरतेला जोडले आणि गुजराती व्यापारी वस्तीचा प्रभाव शहरावर वाढला. आज शहरातल्या नवरात्रावर गरब्याचाच वरचष्मा आहे.

सातपुड्यात, म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याकडे, चित्र वेगळे. भिल्ल आणि पावरा मुलांचा शरद गुरांमागे आणि शेताच्या राखणीत जातो. दिवाळी पंचांगापेक्षा गावाच्या सोयीने ठरते; गावोगावच्या तारखा वेगळ्या असल्याने पाहुणे म्हणून फिरणे लांबत जाते. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंबा शिखरावर अश्वत्थाम्याची यात्रा भरते. चढण अवघड असल्याने तिथे तरुणांचीच गर्दी अधिक. नर्मदाकाठी सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात 1990 च्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाओ आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या, तेव्हा घरची बोली, डोंगर आणि जंगल यांना शिक्षणात जागा मिळाली.

सपाटीवर गुलाबाई मागे पडली त्याची कारणे साधी आहेत. शाळेच्या सहामाही परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात, शिकवण्या संध्याकाळी असतात, आणि दूरचित्रवाणीने अंगणातली वेळ घेतली. मूर्ती अजून बाजारात येतात. शाळा आणि महिला मंडळे कार्यक्रम करतात. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानने भुलाबाई महोत्सव भरवून समूहगायनाला मंच दिला. त्यामुळे गाणी नव्या मुलींपर्यंत पोहोचली हे खरे. पण गणवेशात, परीक्षकांसमोर, तालीम करून म्हटलेली गुलाबाई हा निराळा प्रकार मानावा लागतो. जुन्या खेळात मोठ्यांचे काम फक्त डबा भरून देण्याचे होते.