डेटा सेंटरमधील यंत्रांची शिरगणती

कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला आलेला भाविक नारळाचे पैसे मोबाइलवरून चुकते करतो, तेव्हा त्या व्यवहाराची नोंद बालाघाटच्या डोंगरात राहत नाही. ती बँकेच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे शेकडो सर्व्हर एकत्र मांडलेल्या वातानुकूलित दालनात, साठवली जाते. महाराष्ट्रात अशी केंद्रे प्रामुख्याने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे परिसरात एकवटली आहेत. तेथे यंत्रे किती, कोठे आणि कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. सुरक्षेची सुरुवात मात्र तेथूनच होते.

सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या-कपाटांसाठी ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ असते. संगणकही प्रारंभी अशाच वहीत गेले आणि पुढे स्प्रेडशीटमध्ये आले. पण कपाट सहसा जागचे हलत नाही. सर्व्हरची स्मृती वाढवली जाते, तो एका रॅकमधून दुसऱ्यात जातो आणि त्याच्या पोटात डझनावारी आभासी सर्व्हर काही मिनिटांत जन्मतात व नाहीसे होतात. हाताने भरलेली यादी त्यामुळे भरता भरताच शिळी होते.

शिळ्या यादीची किंमत काय, हे अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने अनुभवले. मार्च २०१७ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोष जाहीर झाला आणि दुरुस्ती बसवण्याचे आदेशही कंपनीत निघाले. परंतु हे सॉफ्टवेअर नेमके कोणकोणत्या यंत्रांवर आहे याची संपूर्ण यादीच कंपनीकडे नव्हती. एक जुनी प्रणाली दुरुस्तीविना राहिली आणि त्या वाटेने सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. अमेरिकी संसदेच्या चौकशीत यादीच्या या उणिवेवर बोट ठेवण्यात आले.

यावरचा उपाय म्हणजे यंत्रांचा स्वयंचलित शोध घेणारे व्यवस्थापन सॉफ्टवेअर. त्याला नेटवर्कमधील आयपी पत्त्यांचा एक पल्ला नेमून दिला जातो. ते प्रत्येक पत्त्यावर संदेश धाडून ‘कोणी आहे का’ अशी विचारणा करते. ‘एनमॅप’ हे १९९७ पासून उपलब्ध असलेले मुक्त साधन याच जातीचे. उत्तर आले की पुढची चौकशी सुरू होते. स्विच व राउटरना ‘एसएनएमपी’ या १९८० च्या दशकाच्या अखेरीस घडलेल्या संवादपद्धतीने प्रश्न विचारले जातात. विंडोज आणि लिनक्स यंत्रांत रीतसर परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला जातो. मग निर्माता, अनुक्रमांक, प्रोसेसर, डिस्क, बसवलेली सॉफ्टवेअरे व त्यांच्या आवृत्त्या असा तपशील गोळा होतो. काही यंत्रे दाद देत नाहीत. तेथे स्विचच्या स्मरणतक्त्याचा आधार घेतात. कोणत्या पोर्टमागे कोणता मॅक पत्ता आहे हे तो सांगतो, आणि मॅक पत्त्याच्या पहिल्या निम्म्या भागावरून बहुधा निर्माताही कळतो. शेजाऱ्यावरून घराचा माग काढावा, तसाच हा प्रकार.

हा शोध एकदा घेऊन भागत नाही. तो ठरावीक वेळाने पुनःपुन्हा घ्यायचा आणि आधीच्या यादीशी ताडून पाहायचा. खरा उपयोग फरकात आहे: काल नसलेले यंत्र आज दिसले, तर ते कोणी जोडले, हे विचारता येते. जमवलेला तपशील एका मध्यवर्ती नोंदकोशात ठेवून कोणते ॲप्लिकेशन कोणत्या सर्व्हरवर अवलंबून आहे, हेही त्यात जोडतात. असे कोश ठेवण्याची शिस्त ब्रिटिश सरकारने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार करवलेल्या ‘आयटिल’ या कार्यपद्धतीतून रूढ झाली.

नेटवर्कला मात्र एक गोष्ट ठाऊक नसते. यंत्र प्रत्यक्षात कोठे आहे? नेहमीचा रॅक ४२ ‘यू’ उंचीचा, म्हणजे १.७५ इंचांच्या ४२ खणांचा. त्यातील कोणत्या खणात कोणता सर्व्हर, त्याला वीज कोणत्या जोडणीतून येते, हे माणसाने बारकोड किंवा आरएफआयडी चकती लावून नोंदवावे लागते. शोधाची दुसरी मर्यादा अशी, की बंद यंत्र उत्तर देत नाही. शिवाय सर्व यंत्रांचे परवलीचे शब्द एका सॉफ्टवेअरच्या हाती द्यावे लागतात. ते सॉफ्टवेअरच फुटले तर चोराला तयार नकाशा मिळतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत या बाजूची चर्चा क्वचितच आढळते.

देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे हा विषय येथे जिल्हा पातळीपर्यंत पोहोचतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा प्राथमिक आराखडा जारी केला. त्यातील मूलभूत नियंत्रणांत पहिले स्थान आहे ते माहिती-तंत्रज्ञान साधनांच्या अद्ययावत नोंदवहीला. लहान बँकेला महागडे सॉफ्टवेअर परवडतेच असे नाही. पण मुक्त साधने आणि ती चालवणारा एक जबाबदार माणूस यांवरही सुरुवात करता येते.

नोंदवहीचा कस लागतो तो सारे कोसळल्यावर. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प केली. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाची कंपनी चालवत असलेल्या टर्मिनलचे कामही त्यात बंद पडले. सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस येथे सांगितले. कोणाला कशात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे मध्यवर्ती सर्व्हर सर्वत्र पुसले गेले होते. बचावला तो एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती.