स्लेज-कुत्र्यांचे उन्हाळी प्रशिक्षण

स्लेज-कुत्र्यांचे उन्हाळी प्रशिक्षण : बर्फावरून ओढावयाच्या बिनचाकी घसरगाडीस (स्लेजला) जुंपली जाणारी कुत्री बर्फ नसलेल्या महिन्यांत सरावात ठेवण्याची पद्धती. उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशांत कुत्र्यांची स्लेज काही हजार वर्षांपासून वापरात आहे. उन्हाळी सरावाचे आजचे स्वरूप मात्र मुख्यतः विसाव्या शतकात घडले. तत्पूर्वी उन्हाळा हा या कुत्र्यांच्या मोकळिकीचा आणि पुष्कळदा उपासमारीचा काळ असे.

कॅमचॅटका द्वीपकल्पातील रहिवाशांची यासंबंधीची रीत रशियन संशोधक स्त्येपान क्रशेनिन्निकव (१७११–५५) व जर्मन निसर्गवैज्ञानिक गेओर्ग श्टेलर (१७०९–४६) यांनी वर्णिली आहे. वसंत ऋतूत कुत्री सोडून दिली जात व ती नदीकाठी स्वतःच मासे पकडून पोट भरत. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांना गोळा करून घराच्या खांबांना बांधीत आणि अंगावरची चरबी झडेपर्यंत उपाशी ठेवीत. त्यांच्या रडण्याने वस्ती रात्रंदिवस दुमदुमून जाई. माजलेला कुत्रा लांबचा पल्ला गाठू शकत नाही, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. परंतु त्यावरील त्यांचा उपाय सराव हा नसून उपवास हा होता. ग्रीनलंडमध्ये उन्हाळ्यात कुत्री लहानशा बेटांवर नेऊन ठेवण्याची चाल होती. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी त्यांच्या पाठीवर ओझी लादीत किंवा काठावरून दोर लावून त्यांच्याकडून प्रवाहाविरुद्ध नावा ओढवून घेत. हे कष्टच होते. त्यांना प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

या स्थितीत बदल घडला तो अलास्कातील नोम या सोन्याच्या खाणींच्या गावी. तेथे १९०८ मध्ये सु. ६५० किमी. अंतराची ‘ऑल अलास्का स्वीपस्टेक्स’ ही शर्यत सुरू झाली आणि कुत्र्यांच्या दमसासाला पैशाचे मोल आले. खाणींसाठी १९०० मध्ये घातलेला तेथील अरुंद लोहमार्ग गोठलेल्या भूमीच्या चढउतारामुळे लवकरच नादुरुस्त झाला व नियमित आगगाड्या थांबल्या. मग त्या रुळांवर लोकांनी कुत्री जुंपलेल्या लहान गाड्या चालविल्या. ‘पपमोबिल’ या थट्टेच्या नावाने त्या ओळखल्या जात. मूळचा नॉर्वेचा, खाण कंपनीच्या नोकरीतील लेनार्ड सेप्पाला (१८७७–१९६७) उन्हाळ्यातही आपली सायबीरियन कुत्री अशा गाडीला जुंपीत असे. त्याने १९१५, १९१६ व १९१७ अशी सलग तीन वर्षे ही शर्यत जिंकली. नोममध्ये घटसर्पाची साथ उद्‌भवली असता १९२५ च्या हिवाळ्यात वीस चालकांनी सु. १,०८५ किमी. अंतरावरून रक्तरस आणला. त्यांतील सर्वांत लांब टप्पा सेप्पालाचा होता. त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो तेव्हा सु. बारा वर्षांचा होता. या कामगिरीचे सारे श्रेय उन्हाळी रुळांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण त्या वयात तसा दम बारमाही कामावाचून टिकणे अवघडच.

पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्सने अलास्का व कॅनडातून चारशेहून अधिक कुत्री व्होज पर्वतातील आघाडीसाठी नेली. तेथेही बर्फ वितळल्यावर ती अरुंद रुळांवरील वाघिणी ओढीत.

पुढे रुळांची जागा चाकांच्या गाड्यांनी आणि अखेरीस चारचाकी मोटारवाहनांनी घेतली. वाहन जड असल्याने व त्यास ब्रेक असल्याने कुत्र्यांचा वेग चालकाच्या हाती राहतो. खरी अडचण उष्णतेची आहे. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून जिभेवाटे व श्वसनमार्गावाटे जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढीच. त्यात अंगावर दुपदरी दाट केस. हवा दमट असली की धापाही निरुपयोगी ठरतात. शिवाय हा कुत्रा ओढण्यास इतका उतावीळ असतो की, तो आपणहून क्वचितच थांबतो व उष्माघाताने कोसळेपर्यंत धावू शकतो. म्हणून अनुभवी चालक थंड पहाटे निघतात, सुरुवातीस थोडेच अंतर धावडवतात, वारंवार पाणी पाजतात व थंडी वाढेल तसतसे अंतर वाढवितात. कठीण रस्त्याने पंजे व सांधे दुखावतात, म्हणून मऊ मातीची वाट पसंत केली जाते. अलास्कात काही चालक उन्हाळ्यात कुत्री हेलिकॉप्टरने हिमनद्यांवर नेतात. तो खर्च सफरीस येणाऱ्या पर्यटकांच्या पैशातून निघतो. यूरोपात या कोरड्या सरावातूनच चाकांच्या गाड्यांच्या व कुत्र्यासह धावण्याच्या स्वतंत्र स्पर्धा निर्माण झाल्या.

अलीकडे बर्फाचा मोसमच आखडत चालल्याने चाकांवरील सराव लांबतो. १९७३ मध्ये सुरू झालेल्या इडिटारॉड या सु. १,६०० किमी. च्या शर्यतीचा प्रारंभ बर्फाअभावी २००३, २०१५, २०१७ व २०२५ मध्ये उत्तरेकडील फेअरबँक्स येथे हलवावा लागला. २०१६ मध्ये तर अँकरेज येथील समारंभापुरता बर्फ फेअरबँक्सहून आगगाडीने आणण्यात आला.