मेटफॉर्मिन : पीसीओएस व इन्सुलिन-रोधातील वापर

मेटफॉर्मिन हे टाइप २ मधुमेहातले पहिल्या पसंतीचे, पोटात घ्यायचे औषध. डॉक्टर ज्याला पीसीओएस म्हणतात आणि घरोघरी जे ‘पीसीओडी’ म्हणून ओळखले जाते, त्या स्त्री-विकारातही ते गेली तीसेक वर्षे दिले जाते. मात्र बहुतेक देशांत औषधाच्या परवान्यात हा उपयोग नोंदलेला नाही. तो डॉक्टरच्या निर्णयाने होतो. मेडिकलवाल्याने ‘ही तर शुगरची गोळी’ असे म्हटले की मधुमेह नसलेली मुलगी आणि तिची आई दोघीही धास्तावतात. खरे तर एकटी घेतली असता ही गोळी रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली सहसा नेत नाही, कारण ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही.

पीसीओएसमध्ये पाळी लांबते किंवा महिनोन्महिने येत नाही, हनुवटीवर-ओठावर राठ केस येतात, मुरमे जात नाहीत आणि सोनोग्राफीत बीजकोशात बारीक बारीक पुटिका दिसतात. रिपोर्टवरच्या या ‘गाठी’ म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके असतात. त्या काढायच्या नसतात. यांपैकी अनेक स्त्रियांत स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. याला इन्सुलिन-रोध म्हणतात. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि हे वाढीव इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरके बनवण्यास चिथावते. शिवाय या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी तयार करते, त्यामुळे त्यांचा मोकळा भाग वाढतो. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपटपणा येतो तोही बहुधा याच इन्सुलिनमुळे. कितीही घासला तरी निघत नाही आणि त्यापायी मुलींना अस्वच्छतेचे बोल मात्र खावे लागतात. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते. इन्सुलिनची गरज उतरली की बीजकोशावरचा ताणही काहीसा हलका होतो.

औषधाचे मूळ गलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतल्या ग्वानिडिन वर्गातील द्रव्यांत आहे. १९२२ मध्ये डब्लिन येथे वर्नर आणि बेल यांनी मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत बनवले. माणसांतल्या मधुमेहावरचा त्याचा उपयोग १९५७ मध्ये पॅरिसच्या झां स्टर्न यांनी प्रसिद्ध केला. फेनफॉर्मिन या त्याच्या भावंडाने रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढून मृत्यू घडवले आणि १९७० च्या दशकात ते अनेक देशांतून हटले. त्या बदनामीची झळ मेटफॉर्मिनलाही लागली. अमेरिकेत त्याला १९९४ च्या अखेरीस परवानगी मिळाली. पीसीओएसचे वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी १९३५ मध्येच केले होते. त्याचा इन्सुलिनशी असलेला संबंध १९८० मध्ये पुढे आला आणि १९९४ मध्ये व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी या रुग्णांना मेटफॉर्मिन दिल्याचा पहिला अहवाल आला.

त्यानंतर अपेक्षा फार वाढल्या. मूल होण्यासाठी हीच गोळी पुरे, असे वातावरण तयार झाले. २००७ मध्ये अमेरिकेतील ६२६ स्त्रियांवरच्या चाचणीने त्या अपेक्षा खाली आणल्या : जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण बीज फुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफेन या औषधाने २२.५ टक्के, एकट्या मेटफॉर्मिनने ७.२ टक्के, दोन्ही मिळून २६.८ टक्के. आज बीज फुटण्यासाठी पहिले औषध म्हणून लेट्रोझोल दिले जाते. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका मेटफॉर्मिनला मुख्यतः चयापचयासाठी, म्हणजे साखर, वजन आणि पुढे होऊ शकणारा मधुमेह यांसाठी जागा देते. नको असलेल्या केसांवर आणि पाळी नियमित करण्यावर संप्रेरकांच्या गोळ्या मेटफॉर्मिनपेक्षा सरस ठरतात. वजनही मेटफॉर्मिनने थोडेच उतरते.

महाराष्ट्रात या विषयाला वेगळे वळण आहे आणि ते वजनकाट्याशी निगडित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचे वर्णन ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे केले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली : दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात निदानाच्या रॉटरडॅम निकषाने २२.५ टक्के मुलींत पीसीओएस आढळले, अधिक कडक निकषाने १०.७ टक्के, आणि रॉटरडॅम निकषात बसलेल्यांपैकी बहुसंख्य मुली स्थूल नव्हत्या. तेव्हा ‘तू तर सडपातळ आहेस, तुला कसली शुगर’ हे वाक्य इथे चालत नाही. तसेच, निकष बदलताच आकडा निम्म्यावर येतो, म्हणून प्रत्येक सोनोग्राफीवर चिठ्ठी लिहिणेही शहाणपणाचे नाही. पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असा संकेत आहे.

गोळी कमी मात्रेने सुरू करतात : ५०० मिलिग्रॅम, जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर, आणि एक-दोन आठवड्यांनी वाढवत बहुतेकींना दिवसाला १५०० ते २००० पर्यंत. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव हे त्रास पहिल्या आठवड्यांत होतात आणि बहुधा ओसरतात. घाईने मात्रा चढवली की गोळी सुटते. सावकाश विरघळणारी गोळी पोटाला सोसते, पण ती फोडून-चावून घ्यायची नाही. तिचे रिकामे कवच कधी शौचात दिसते, त्याने बिचकू नये. मूत्रपिंड फार निकामी असेल तर हे औषध वर्ज्य. मोठी शस्त्रक्रिया, तीव्र उलट्या-जुलाब किंवा मूत्रपिंड कमजोर असताना रंगद्रव्य देऊन काढायचे स्कॅन असेल, तर डॉक्टरला विचारून ते थांबवतात.

दीर्घ वापराने जीवनसत्त्व बी१२ कमी होते. हा दुष्परिणाम आपल्याकडे अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. पुण्यात याज्ञिकांच्या गटाने तपासलेल्या मध्यमवयीन निरोगी पुरुषांपैकी दोन-तृतीयांशांत बी१२ आधीच कमी होते. भाकरी, वरण, भाजी यांत ते नसते. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या आल्या की त्याकडे अशक्तपणा म्हणून काणाडोळा होतो.

विदर्भातल्या वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात औषधाची किंमत ही अडचण नाही. मेटफॉर्मिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. अडचण तपासण्यांची आणि पाठपुराव्याची. सरकारी किशोरवयीन कार्यक्रम १० ते १९ वयासाठी, मधुमेहाची सरसकट तपासणी तिशीपुढच्यांसाठी. पीसीओएसचे निदान ज्या वयात सर्वाधिक होते, ती विशीतली मुलगी, त्यातही अविवाहित, या दोन रांगांच्या मधोमध उभी राहते. वाशीमला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झाले. त्याने तज्ज्ञांचे अंतर घटावे.

तपासणीतही विदर्भाची एक गोम आहे. इथे सिकलसेल आढळतो आणि रक्तक्षय तर सर्वत्र आहे. दोन्हींत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, एचबीए१सी, फसवू शकते. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजणे भरवशाचे. उपाशीपोटीचे इन्सुलिन मोजण्याच्या महागड्या तपासणीची शिफारस मात्र मार्गदर्शिका रोजच्या उपचारासाठी करत नाही. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये असते म्हणून ती होते.

मेटफॉर्मिन गर्भनिरोधक नाही. उलट बंद पडलेले बीजोत्सर्जन या गोळीने पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणून मूल नको असलेल्या विवाहितेने पाळी येत नाही या भरवशावर राहू नये. गर्भ राहिल्यास गोळी चालू ठेवायची की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. गोळी सोडली की इन्सुलिन-रोध बहुधा परततो.