खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी कोणता बायो मीडिया घ्यायचा?
बायो मीडिया म्हणजे बॅक्टेरियांचं घर. माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं हे बॅक्टेरिया आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात.

प्लॅस्टिकचे बायो बॉल स्वस्त, पण त्यांच्यात कचरा साचून नायट्रेट वाढतं. त्यापेक्षा सच्छिद्र सिरॅमिक रिंग किंवा ड्राय रॉक घ्या. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन कमी, तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचाही नायट्रोजन वायू करतात. समुद्रातून प्रवाळ मात्र उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

मीडिया नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या.

नव्या टँकला साधारण 4 ते 6 आठवडे द्या. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट चढून पुन्हा शून्यावर आले, की मगच पहिला मासा सोडा.