अँथनी गोन्साल्विस खरंच होते

'अमर अकबर अँथनी'मधलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं तुम्ही नक्की पाहिलं असेल. त्यात तो छाती फुगवून स्वतःचं पूर्ण नाव सांगतो. एम.ए.ला येईपर्यंत मला वाटायचं, हे नाव गाणं लिहिणाऱ्यानं सुचेल तसं जुळवलं असणार. तसं नाहीये. अँथनी गोन्साल्विस नावाचे व्हायोलिनवादक खरंच होते. १९७७च्या या सिनेमाचं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि त्यातले प्यारेलाल लहानपणी व्हायोलिन शिकले ते यांच्याकडेच. ते नाव म्हणजे शिष्यानं दिलेली गुरुदक्षिणा.

संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या तुमच्यासाठी ही गोष्ट का सांगतेय, ते पुढे येईलच.

गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यामुळे चाळीसच्या दशकात मुंबईच्या फिल्म स्टुडिओंना कागदावरची सुरावट बघून थेट वाजवणारी माणसं हवी झाली, तेव्हा ती गोव्याकडूनच आली. गोन्साल्विसही आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले, अरेंजर झाले. पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं. वाजवणाऱ्यांचं आणि बहुतेक वेळा अरेंजरचंही यायचं नाही.

पण यांच्या डोक्यात वेगळंच काहीतरी होतं. रागसंगीत त्यांना मनापासून आवडलं, आणि ते सिंफनीच्या ताफ्यासाठी लिहायचं असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या रचनांची नावंच बघा: 'सोनाटिना इंडियाना', 'कॉन्चेर्टो इन राग सारंग'. १९५८ मध्ये त्यांनी शंभरावर वादक गोळा केले आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. आपण सीएसएमटीला उतरून चालत जातो, तेच हे कॉलेज.

आता जरा तांत्रिक, पण कंटाळू नका, मजा इथेच आहे. सारंग म्हटलं की आपण बहुधा वृंदावनी सारंग धरतो. त्यात गंधार आणि धैवत नाहीत. सा, रे, म, प आणि दोन निषाद: चढताना शुद्ध, उतरताना कोमल. पाश्चात्त्य हार्मनीचा पाया म्हणजे तीन सुरांची कॉर्ड, आणि घरची कॉर्ड असते सा-ग-प. सारंगात गच नाही! म्हणजे रचनाकार घराच्या उंबऱ्यावरच अडला. गंधार लावला तर राग गेला, नाही लावला तर कॉर्ड पोकळ. पंचमावर मात्र प-नि-रे अशी पूर्ण कॉर्ड मिळते, कोमल निषादावरही नि-रे-म मिळते. थोडक्यात, रागात राहून हार्मनी करायची तर षड्जापेक्षा शेजारच्या सुरांवर भार टाकावा लागतो. शिवाय मींड आहेच. वीस व्हायोलिनांनी एकसारखी मींड घ्यायची तर ती कागदावर कशी लिहायची? 'पूर्व-पश्चिम संगम' हे शब्द प्रबंधात लिहायला सोपे आहेत. तुमचा गाइड विचारेल, संगम नेमका कुठल्या सुरावर झाला? तेव्हा असं काहीतरी सांगता आलं पाहिजे.

याच जातीचा प्रश्न पेरूमध्ये दानिएल आलोमिया रोब्लेस यांच्यापुढे होता. अँडीज पर्वतातली लोकगीतं त्यांनी गावोगाव फिरून टिपली. त्यातली बरीच पाच सुरांची. १९१३ मध्ये लिमात त्यांच्या 'एल कोंदोर पासा' या संगीतिकेचा प्रयोग झाला, आणि तिची धून जगभर गेली. १९७० मध्ये सायमन आणि गारफंकल यांनी ती इंग्रजी शब्दांत गायली. पॉल सायमनला ती जुनी लोकधून वाटली होती. पुढे रोब्लेस यांच्या मुलानं दावा लावला आणि तडजोड झाली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पेरूत धून राहिली आणि कर्त्याचं नाव गळून 'पारंपरिक' झालं. आपल्याकडे उलट झालं. नाव पोराटोरांच्या तोंडी आहे, पण १९५८च्या त्या मैफलीतला एक सूरही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला नाही. गोन्साल्विस साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेला गेले, नंतर माजोर्ड्याला परतले आणि २०१२ मध्ये वारले. स्टुडिओतल्या या माणसांबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्यासारख्यांनी वादकांच्या घरी बसून विचारलं म्हणून. टायटल्स बघून इतिहास लिहिला असता, तर ही माणसं झालीच नाहीत असं ठरलं असतं.

माझं स्वतःचं सांगते. मी आगरी लग्नांतले धवले गोळा करते. कल्याणजवळच्या एका गावात एका धवलारीणबाईंचं रेकॉर्डिंग केलं आणि सवयीनं फॉर्मवर लिहिलं, 'रचना: पारंपरिक'. चहा घेताना त्या सहज म्हणाल्या, मधली दोन कडवी माझ्या सासूनं घातलेली, आधी नव्हती. मी पेन पुन्हा उघडलं. फॉर्मवर गायिकेचं नाव, गाव, तारीख, सगळ्याला रकाने होते. सासूबाईंच्या नावाला नव्हता. ते समासात लिहिलं, आणि डोंबिवलीला येताना गाडीत जुनी चौतीस रेकॉर्डिंगं काढून बसले. चौतीसही ठिकाणी 'पारंपरिक'. आता त्या घरांना पुन्हा फोन करतेय. आजपर्यंत नऊ झालेत.