हृदयाची धडधड आणि मायट्रल झडप

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये दोन पाकळ्यांची मायट्रल झडप असते. काही व्यक्तींमध्ये या पाकळ्या सैल असून हृदय आकुंचन पावताना वरच्या कप्प्याकडे फुगतात. यास ‘मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स’ म्हणतात. शंभरांत साधारण दोन ते तीन जणांत हा दोष आढळतो.

बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींना मात्र छातीत धडधडते, मध्येच ठोका चुकल्यासारखे वाटते. परंतु धडधडीच्या तीव्रतेवरून दोषाची तीव्रता ठरत नाही. गळती नसतानाही धडधड सतावते, तर गळती मोठी असूनही रुग्णास काही जाणवत नाही. म्हणून झडपेची तपासणी इकोकार्डिओग्राफीने, तर ठोक्यांची ईसीजी वा २४ तासांच्या होल्टर चाचणीने करावी.

गळती नसल्यास नोकरी, चालणे, व्यायाम सोडण्याचे कारण नाही. जागरण, तंबाखू व अति चहा-कॉफी टाळल्यास अनेकांची धडधड कमी होते. गरजेनुसार डॉक्टर बीटा ब्लॉकर देतात. ते स्वतःहून एकाएकी बंद करू नये. गळती असल्यास ठरावीक काळाने इको करून घ्यावा.

संधिवाताच्या तापामुळे अरुंद झालेली मायट्रल झडप हा मात्र निराळा आजार होय. त्यात ठोके अनियमित झाल्यास हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाऊ शकते.

धडधडीसोबत भोवळ, बेशुद्धी, धाप वा छातीत दुखणे असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. कुटुंबात कोणाचा अकाली आकस्मिक मृत्यू झाला असल्यास तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.